वाटेवरचं पान

आडनाव एक निघालं की नातं लावायला खैरवाडीच्या मोरदऱ्यांना पुरावा लागत नसे. टीव्हीच्या पट्टीत कुठंही 'मोरदरे' अशी अक्षरं पळाली की भावकीतला प्रविण जागेवरून उठायचा. "आपलाच हाय बे!" मग तो मोरदरे दूधसंघाचा संचालक असो, नाहीतर लांबच्या जिल्ह्यातला हेडमास्तर. एकदा एक मोरदरे मोटारसायकली चोरताना सापडला, तेव्हा मात्र "ते वरल्या अंगाचे, त्यांचं आपलं सुतकसुद्धा न्हाई" असं तिथल्या तिथं ठरलं.

लिंबागणेशहून पाटोद्याच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला एक फाटा फुटतो. तिथं एसटी थांबते, पण गाव दिसत नाही. माळ चढून उतरलं की चिंचेचं एक जुनं झाड आणि त्याच्या आडोशाला घरं. सगळी मोरदऱ्यांची. दसरा झाला की निम्म्या घरांना कुलपं लागतात, माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, आणि उन्हाळा तापला की एकेक गाडी परत येते.

गावाच्या फ्लेक्सवर तीन मोठे मोरदरे कायमचे विराजमान होते. आमदार अमरसिंह मोरदरे, हे खानदेशातले. मालिकेत सोशिक सुनेचं काम करणारी आरोही मोरदरे, बेळगावात जन्मलेली. आणि विदर्भाकडचा यष्टिरक्षक जीवन मोरदरे. तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता आणि खैरवाडीशी तर त्याहून नव्हता. पण फ्लेक्सवर 'आमचे अभिमान' असं लिहून खाली प्रविणनं स्वतःचा, मोबाईल कानाला लावलेला फोटो टाकला होता.

सत्यशीला या फ्लेक्सला मनापासून हसायची. ती गावची अंगणवाडी सेविका, माहेर पाटोदा, बारावी झालेली. पोरांची वजनं करणारी बाई. काट्यावर दिसतं तेवढंच खरं, असा तिचा स्वभाव. सासू बायनाबाई तिला 'मोजमापाची बाई' म्हणायची आणि त्यात कौतुकच असायचं.

सत्यशीलाचा नवरा हनुमान कर्नाटकात उसाच्या फडावर असताना हरवला होता. भर दुपारी पाण्याचा कॅन घेऊन कॅनॉलवर गेला, तो परत आला नाही. कॅन तेवढा काठावर सापडला. काठोकाठ भरलेला, झाकण घट्ट लावलेलं. मुकादमानं चार दिवस शोधलं, पोलिसात कागद झाला, आणि टोळी हनुमानची बैलगाडी घेऊन गावाकडे निघून आली.

त्याच वर्षापासून आखितीला हनुमानचं वाटेवरचं पान मांडलं जाऊ लागलं.

ही मोरदऱ्यांची जुनी रीत. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे गावच्या तोंडी आखितीला, चिंचेखाली भावकीचं जेवण असतं. आमरस, पुरणाच्या पोळ्या, आमटी, कुरडया. पंगतीच्या शेवटी, गावात येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून, जो अजून आला नाही त्याचं पान मांडायचं. भावकीतली सर्वांत म्हातारी बाई पळसाची पत्रावळ ठेवते, नाव घेऊन हाक मारते, आणि वाढणाऱ्यानं सगळं वाढायचं. पानाला कुणी हात लावत नाही. पंगत उठली की ते गाईला जातं. ज्याचं पान मांडलं तो घरची वाट चुकत नाही, असं म्हणतात. सत्यशीलाचा यावर विश्वास नव्हता. पण हनुमानच्या पानावर पहिली पोळी ती स्वतः वाढायची, आणि तूप सोडताना हात आखडता घ्यायची नाही.

तिसऱ्या आखितीला प्रविण तिच्याजवळ आला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"वहिनी, दादाच्या पानाचा व्हिडिओ काढतो. आमदार सायबांचं नाव त्यात घालतो. साहेब बी मोरदरे, म्हणून त्यांचं बी पान हेच, आसं म्हणतो. त्यांनी पाहिलं तर तिकडल्या पोलिसांना एक फोन करतील. दादाचा शोध लागंल."

सत्यशीलानं विचार केला. मोठ्या माणसाच्या तोंडी नवऱ्याचं नाव गेलं तर वाईट काय होतं? तिनं मान हलवली. बायनाबाईनं पान ठेवून "हनुमान, जेवाया ये रं" अशी हाक मारली आणि त्यावर प्रविणनं मोबाईलसमोर "अन् आमदार अमरसिंह मोरदरे सायबांनी बी यावं" असं जोडून दिलं.

व्हिडिओ अजून त्याच्या मोबाईलमध्येच होता, तोवर माळावरून पांढरी गाडी उतरताना दिसली.

आमदार खाली उतरले तेव्हा गावापेक्षा तेच जास्त गोंधळलेले होते. "मांजरसुंब्याला चहा घेतला," ते म्हणाले. "बीडला जायचं होतं. ड्रायव्हर म्हणतो, तुम्हीच वळायला सांगितलंत." मग हसले. "बरं झालं. जेवणाची वेळ गाठली."

प्रविणला आनंदानं काही सुचेना. फेट्याची धावाधाव सुरू झाली. कुणी खुर्ची पुसली, कुणी पंखा ओढला. साहेब खुर्चीवर बसले नाहीत. पंगत ओलांडून सरळ शेवटच्या पानापाशी गेले, मांडी घातली, इकडंतिकडं बघून एक गुळगुळीत खडा उचलला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून पत्रावळीच्या कोपऱ्यावर ठेवला.

रसाचं पातेलं धरून सत्यशीला उभी होती. हनुमान असंच करायचा. खडा ठेवायचा आणि जेवण झालं की तो खिशात टाकायचा, कशासाठी ते त्यालाही सांगता येत नसे. कोनाड्यात अशा खड्यांचा ढीग होता. ती पुसायला म्हणून उचलायची आणि परत तिथंच ठेवायची.

साहेब पोटभर जेवले. पाणी प्यायले. खडा कुर्त्याच्या खिशात टाकून उठले आणि हनुमानच्या तपासाचं बघतो असा शब्द देऊन गेले.

"गावोगाव लोक असं करत असतील," सत्यशीला रात्री भाकरी थापताना म्हणाली.

बायनाबाई चुलीकडे बघत होती. "ज्याचं पान त्यानंच खावं," एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी सत्यशीला कोनाडा पुसायला गेली तर खडे नव्हते. मांजरानं पाडले असतील म्हणून तिनं खाटेखाली झाडू घातला. जमीन स्वच्छ होती.

एक मात्र सांगायला हवं, आमदार शब्दाला जागले. पंधरवड्यात कर्नाटकातून पोलिसांचा फोन आला, फोटो मागवून घेतला, बंद पडलेला तपास पुन्हा चालू झाला. सत्यशीलानं देवापुढं साखर ठेवली. हिवाळ्यात नागपूरच्या अधिवेशनाच्या बातम्या लागल्या तेव्हा साहेब तावातावानं बोलत होते. समोरच्या बाकावर कागदांचा गठ्ठा होता आणि गठ्ठ्यावर एक काळा खडा. प्रविणनं टाळ्या वाजवल्या. सत्यशीलानं चॅनल बदललं.

पुढच्या आखितीला तिनंच विषय काढला. "प्रविणभाऊ, त्या आरोहीचं नाव घ्या औंदा. तिला लाखांनी माणसं बघतात."

"सत्तशीले," बायनाबाई पत्रावळ हातात धरून म्हणाली, "वाट एकच आसती. तिच्यावरून किती जणांला आणशील?"

"आत्याबाई, निस्ती पानं मांडून कुठं काय झालं? फोन आला तो आमदारामुळं आला."

म्हातारीनं पत्रावळ ठेवली. तिनं हाक मारली, पण आवाज बसल्यासारखा आला.

आरोही मोरदरे भाड्याच्या गाडीतून आली. शूटिंग ऐनवेळी रद्द झालं, कुठंतरी भटकावं असं वाटलं, असं काहीतरी ती सांगत होती. पडद्यावर सोशिक दिसायची तशी अजिबात नव्हती. खळखळून हसायची, पोरींच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायची. शेवटच्या पानावर बसली आणि तिघांचं जेवण जेवली. बायका खूश झाल्या. एवढी बारीक पोरगी आणि भूक बघा कशी.

हात धुवून ती उठली तेव्हा गोठ्याच्या कडेला हनुमानचा बैल उभा होता. सर्जा. फडावरून आल्यापासून तो कुणाला अंगाला हात लावू देत नव्हता. सत्यशीलालाही लांबूनच वैरण टाकावी लागे. आरोही त्याच्याकडे चालत गेली. लोक ओरडले, "ताई, मारका हाय!" तिनं ऐकलं नाही. चालता चालता जीभ टाळूला लावून तिनं एक हलका टकटक आवाज काढला आणि मागोमाग एक सूर गुणगुणली. शब्द नव्हते त्याला. बाजाराहून येताना बैलानं चढ चढावा म्हणून हनुमान जो सूर काढायचा, तो.

सर्जानं मान खाली केली आणि तिच्या खांद्यावर टेकवली.

त्याचा व्हिडिओ सगळीकडे गेला. आरोहीनं त्यात हनुमानचा फोटोही लावला, 'माझ्या भावाला शोधा' असं लिहिलं. माणूस म्हणून पोरगी गुणाची होती, याबद्दल सत्यशीलाच्या मनात आजही शंका नाही.

पण त्या दिवसानंतर तिला तो सूर आठवेना. अंगणवाडीत पोरांना झोपवताना ती कधीकधी तोच गुणगुणायची. आता तोंड उघडायची आणि पुढं काहीच नसायचं. तिनं बायनाबाईला विचारलं. म्हातारीनं बराच वेळ डोळे मिटून ओठ हलवले, मग पदरानं तोंड पुसलं.

पावसाळ्यात एक फोन आला. विजापूरकडच्या एका धाबेवाल्याचा. मोडक्या हिंदीत म्हणाला, फोटोतल्यासारखा माणूस आठवडाभर त्याच्याकडे भांडी घासत होता, व्हिडिओ पाहीपर्यंत निघून गेला. परत दिसला तर कळवतो.

म्हणजे हनुमान जिवंत होता. सत्यशीला त्या दिवशी एकटीच चिंचेखाली जाऊन पोटभर रडली आणि मग डोळे धुवून पोरांची वजनं करायला बसली. एवढ्या जवळ आल्यावर आता थांबायचं कसं? जीवन मोरदरेचं नाव तिनं आखितीच्या कितीतरी आधी मनात घेऊन ठेवलं होतं.

जीवन चालत आला. फाट्यावर बसमधून उतरून, खांद्यावर बॅटची पिशवी, माळ चढून आणि उतरून. कुणी रस्ता दाखवला नाही. आल्या आल्या पोरांनी त्याला वेढलं. तो लाजाळू निघाला. सगळ्यांच्या टोप्यांवर सह्या केल्या, बायनाबाईच्या पाया पडला, शेवटच्या पानावर बसून मुकाट जेवला. हनुमानचा फोटो टाकायला त्यानं सांगण्याआधीच होकार दिला.

त्याला निरोप द्यायला गाव फाट्याकडे निघालं. सत्यशीलानं डब्यात पोळ्या बांधल्या होत्या. त्या देताना तो तिच्याकडे थोडा झुकला आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं हसत म्हणाला, "येतो गं, पाटोदा."

तिच्या गालांवर आधी रक्त चढलं. भीती मागाहून आली.

चारचौघांत हनुमान तिला कधी नावानं हाक मारत नसे. दोघंच असली की माहेरावरून चिडवायचा. "ए पाटोदा, पाणी आण. पाटोदा, रुसलीस का?" हे त्या दोघांपलीकडे कुणालाच माहीत नव्हतं, बायनाबाईलाही नाही.

जीवन थबकला. त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. "ताई, मी आत्ता काय म्हणालो?"

"काही नाही," सत्यशीला म्हणाली. "सावकाश जा, बाबा."

त्या रात्री तिनं नवऱ्याचा आवाज आठवून पाहिला. तो काय काय बोलायचा ते सगळं आठवलं, शब्दन् शब्द. पण ते सगळं तिला तिच्याच आवाजात ऐकू येत होतं.

पुढच्या आखितीला तिनं प्रविणला निक्षून सांगितलं. ना फ्लेक्स, ना व्हिडिओ, ना कुणाचं नाव. प्रविण हिरमुसला, पण वहिनीचा चेहरा बघून त्यानं मोबाईल खिशात घातला. आदल्या दिवशी धाबेवाल्याचा फोन आला होता. माणूस पुन्हा आलाय, या खेपेला हाताला धरून बीडच्या गाडीत बसवलाय, कंडक्टरला सांगून ठेवलंय.

बायनाबाईनं पान ठेवलं. "हनुमान," तिनं हाक मारली. "जेवाया ये रं, माझ्या लेका."

माळावर एक माणूस दिसला.

चाल तीच होती. डावा खांदा किंचित खाली. पंगतीतली माणसं हातातला घास तसाच धरून उभी राहिली. सत्यशीला धावली नाही.

तो जवळ आला. केस पिकले होते, गालफडं बसली होती. कपाळावर लहानपणीची खोक होती. हनुमानच होता, त्यात तसूभर फरक नव्हता.

त्यानं सगळ्यांना हात जोडले.

"रामराम मंडळी. मोरदरे म्हणत्यात मला. आडनाव तेवढं ठावं हाय. धाबेवाला म्हणला, या गावात समदे मोरदरेच. म्हणलं, एकांदा वळखंल."

चिंचेची पानं हलत होती.

बायनाबाई चाचपडत पुढं आली. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कानाच्या पाळ्या धरून पाहिल्या. "माझाच हाय," ती म्हणाली. "माझाच हाय गं."

तो तिच्यापुढं वाकला. "मावशी, बसा तुमी. उन्हात उभं ऱ्हाऊ नका."

सत्यशीलानं त्याला शेवटच्या पानापाशी नेलं. तो बसला. वाऱ्यानं पत्रावळ उचलली तशी त्यानं ती घाईनं हातानं दाबली, आणि जेवून होईपर्यंत एक हात तसाच पानावर ठेवला. तिनं तूप सोडलं. "थोडंच वाढा, ताई," तो म्हणाला. "पाव्हण्याला एवढं कशाला?"

गोठ्यावरून नेलं तेव्हा सर्जा मागं सरकला.

पुढं बीडला दवाखाने झाले. डोक्याला मार लागलेला दिसतो, डॉक्टर म्हणाले, घरच्या माणसांत राहिला की हळूहळू सगळं आठवेल. सत्यशीलानं गोळ्या वेळच्या वेळी दिल्या. लग्नाचा फोटो दाखवला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरून नीट पाहिला. "जोडा चांगला हाय," म्हणाला आणि पुसून परत दिला.

पण हे सगळं नंतरचं. आखितीच्या त्या संध्याकाळी पंगत उठल्यावर तो ओट्यावर बसला होता.

"ताई, परतीची गाडी कवा हाय?"

"कुठं जायचंय तुमाला?"

तो विचारात पडला. "ते ध्यानात न्हाई. पण वाट बघत आसंल की कुणीतरी."

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. तो उठायला लागला.

"ती आपली न्हाई," सत्यशीला म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती इतकं सरळ खोटं बोलली होती. "दुसऱ्या गावची हाय."

तो खाली बसला. अंगणभर नजर फिरवून घेतली, दोरीवरचे कपडे पाहिले, आत झोपलेली म्हातारी पाहिली. मग संकोचून त्यानं विचारलं, "ताई, तुमचे मालक कुठं आसत्यात?"

सत्यशीलाच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं खाली ठेवला.

"येतील," ती म्हणाली.

"मंग त्यायला भेटूनच निघतो. घरधन्याला न भेटता जाऊ न्हाई."

म्हणून तो राहिला. अजून आहे. दिवसभर विचारून विचारून लाकडं फोडतो, पाणी भरतो. सत्यशीलाचं त्याच्यावर जीव टाकणं कमी झालेलं नाही, उलट वाढलंच आहे. दिवेलागणीला तो ओट्यावरच्या बाजेवर येऊन बसतो. एका कडेला, अंग चोरून. उरलेली बाज हातानं झटकतो, वाकळ सारखी करतो. कुणी तिथं टेकायला गेलं तर अदबीनं हात आडवा धरतो.

"मालकांची जागा हाय ती," तो म्हणतो.